पाठकोऱ्या कागदावरचे अण्णा

शनिवारी सकाळी अकरा वाजता नूपुर आंघोळ करून आली, तेव्हा टेबल लख्ख मोकळं होतं.

"आई! माझे कागद कुठायत?"

"कुठले गं?" दुर्गाबाई वाल सोलत होत्या.

"चोवीस पानं! हाताने लिहिलेली! इथे ठेवली होती काल."

"इथे म्हणजे ह्यांच्या गठ्ठ्यावर?"

आता हा गठ्ठा म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. तिचे वडील रघुवीर टिपणीस छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एका बाजूने लिहिलेला कागद रद्दीत टाकणं हे त्यांच्या लेखी महापाप! घरात कुठलाही पाठकोरा कागद दिसला की तो गठ्ठ्यात जायचा आणि कोऱ्या बाजूवर ठाकूरद्वारच्या त्यांच्या बिल्डिंगच्या नोटिसा निघायच्या. लिहिलेली बाजू मात्र ते कधीच वाचत नसत. "ती दुसऱ्याची गोपनीय बाब," असं त्यांचं तत्त्व होतं.

"आज कसली नोटीस काढली त्यांनी?"

"उद्या टाकी धुणार आहेत ना, पाणी बंद. पहाटेपासून लिहीत बसले होते बाई. तेवीस बिऱ्हाडं, तेवीस नोटिसा. कागद मस्त जाड मिळाला म्हणून कोण खूश! वाटून आले आणि आता पडलेत आतल्या खोलीत."

नूपुरला रडू फुटायचंच बाकी होतं. कारण ते कागद म्हणजे तिची आठ महिन्यांची मेहनत होती. उल्कावीर नावाचा आकाशातून उडणारा सिनेमातला हिरो, त्याचे लाखो चाहते, आणि ते चाहते त्याच्यावर स्वतःच्या मनाने कथा लिहितात. त्याला फॅन फिक्शन म्हणतात. आज परळला त्या चाहत्यांचा मेळा होता. कथास्पर्धेतल्या पहिल्या कथेचं चित्रांचं पुस्तक निघणार होतं. हल्ली लोक मशीनकडून कथा लिहून घेतात, म्हणून अट अशी की कथा स्वतःच्या हाताने, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेली हवी आणि संध्याकाळी सहाच्या आत काउंटरवर पोचायला हवी.

गंमत अशी, की नूपुरचा जीव उल्कावीरवर नव्हताच. सिनेमात उल्कावीर राक्षसाला पुलासकट आपटतो, तेव्हा धुरातून एक कारकून फाइल घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, पूल पाडलात, पंचनाम्यावर सही?" संपलं. जेमतेम चाळीस सेकंदांचं काम. थिएटर हसलं होतं आणि नूपुरने शिट्टी मारली होती. त्या कारकुनाला तिने नाव दिलं अण्णा. मग दोऱ्याने बांधलेला चष्मा दिला, कडक उन्हातही काखोटीला छत्री दिली, शर्टाच्या कॉलरला टोचलेली टाचणी दिली, "लेखी द्या" हे पालुपद दिलं. थोडक्यात, तिने आख्खे बाबा उचलून कथेत ठेवले होते.

आणि ते बाबांना कळता कामा नये, ही खरी गोम होती. मागे एका लग्नात भाच्याने त्यांची नक्कल केली होती. तेव्हा आठ दिवस ते घरात कोणाशी बोलले नव्हते. चहा हवा असला की चिठ्ठी लिहायचे.

"आई, बाबांना एक अक्षर सांगायचं नाही. मी सगळी पानं गोळा करून आणते."

"बघ बाई. पण जेवून जा."

जेवतेय कसली! नूपुर सुटलीच.

शेजारच्या राधाबाईंनी दार उघडलं, तेव्हा त्यांच्या हातात नववं पान होतं.

"तुझं अक्षर ओळखलं गं मी! पण ह्या अण्णाला त्या राक्षसाने कपाटात कोंडला, पुढे काय?"

"काकी, पान द्या ना, घाई आहे."

"पुढचं सांगितल्याशिवाय मुळीच नाही."

"पुढे तो आतून ओरडतो, कोंडलंत ते कोंडलंत, पण कोणाच्या आदेशाने ते लेखी द्या. राक्षस कागद शोधायला जातो, तेवढ्यात उल्कावीर येतो."

राधाबाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, हा तर आपला रघुवीर!"

"शू! त्यांना सांगू नका. आणि मागची नोटीस वाचलीत ना?"

"नोटीस? रघुवीरच्या नोटिसा कोण वाचतंय?"

मग हेच घरोघर. पहिल्या मजल्यावर तिसरं पान देवघराच्या खणात अंथरलेलं निघालं. सोळाव्या पानावर कोणीतरी चकल्या ठेवल्या होत्या. प्रत्येकाला एकच पान मिळालेलं, म्हणून प्रत्येकाला मागचं आणि पुढचं हवं! बारावं पान मिळालेला उन्मेष तर खवळलाच. तो रोज दोन तास जिममध्ये घालवणारा आणि छातीवर उल्कावीरचा टीशर्ट चढवून फिरणारा.

"ए, काय यार हे? माझ्या पानावर हिरो काहीच करत नाही! नुसता लाइनीत उभा राहून फॉर्म भरतो?"

"उडायचं लायसन्स रिन्यू करायचं असतं त्याला."

"आणि अण्णा त्याला परत पाठवतो? फोटो चिकटवला नाही म्हणून?" उन्मेषने पान पुन्हा एकदा वाचलं. "अरे, पण हे सेम माझ्याबरोबर झालंय. साला, भारी लिहिलंयस. चल, वरच्या मजल्यावरची पानं मी आणतो."

दुपारी तीनपर्यंत गॅलरीत जत्रा जमली होती. ज्यांची पानं परत गेली होती तेही पुढचं ऐकायला येऊन बसले. राधाबाई मोठ्याने वाचत होत्या, लोक टाळ्या देत होते आणि नूपुर आनंदाने हसत मधूनच बाबा उठले नाहीत ना, ते बघून येत होती. तिच्या अण्णांना इतकी माणसं जीव लावतील, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेविसावं पान तळमजल्यावरच्या गुणाजींकडे होतं. हे मूळचे कणकवलीचे, गिरणीतून सुटलेले.

"ह्यात अण्णा आगीत घुसता. कशाक?"

"जळणाऱ्या कचेरीतून लोकांची कागदपत्रं वाचवायला."

"आणि मगे?"

नूपुरने पानासाठी हात पुढे केला.

"मरता? अण्णा मरता?" गुणाजींनी पान बनियनच्या आत सरकवलं. "मगे ह्या पान तुका गावाचा नाय!"

"गुणाजीकाका, शेवट तसाच हवा. वाचणारा रडायला पाहिजे!"

"वायच विचार कर, चेडवा. उडणारो हिरो रवता जित्तो आणि कागदवालो मरता? ह्यो खयचो न्याय?"

बदल करायचं वचन दिल्यावर पान मिळालं. पण चोविसावं? तेवीस बिऱ्हाडं पालथी घातली, चोविसावं पान कोणाकडेच नव्हतं. साडेचार वाजले. सगळी बिल्डिंग शोधाला लागली. कोणी कोपऱ्यातला झाडू हलवला, कोणी जिन्याखाली बॅटरी मारली. आणि गुणाजी, भला माणूस, सरळ टिपणिसांच्या आतल्या खोलीत शिरले.

"टिपणीसानू, उठा. शेवटचा पान तुमच्याकडे रवला काय? अण्णाचा काय झाला ता कळूक होया!"

नूपुर गच्ची धुंडाळून खाली पोचली तेव्हा उशीर झाला होता. बाबा पलंगावर ताठ बसले होते. समोर नोटिसांची फाइल उघडी होती आणि हातात लाल पेन होतं.

"बाबा... मी सांगणारच होते..."

"मी छत्तीस वर्षांत बाहेर जाणाऱ्या कागदाची ऑफिस कॉपी ठेवली नाही, असं कधी झालंय?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "तेवीस नोटिसा आणि एक ऑफिस कॉपी. चोवीस. विचारलं असतंस तर सकाळीच मिळाली असती."

"तुम्हाला राग येईल म्हणून..."

"पाठकोऱ्याची लिहिलेली बाजू आज पहिल्यांदा वाचली मी." त्यांनी चष्मा काढला, दोरा नीट केला, पुन्हा घातला. "माणूस ओळखीचा वाटला."

त्यांनी फाइलमधून पान सोडवून तिच्या हातात दिलं. अण्णांच्या मरणाच्या खाली लाल शाईत सुबक अक्षरात शेरा होता.

'प्रस्तुत मरण नामंजूर. निवृत्तीस दोन वर्षे बाकी. पूर्वपरवानगी घेतलेली नाही. बदली माणूस दिलेला नाही. कागदपत्रे वाचवणाऱ्याची मुलगी घरी वाट पाहत असणार, याचा विचार झालेला दिसत नाही. फेरविचारार्थ परत.' खाली सही आणि तारीख.

नूपुरने त्यांना घट्ट मिठी मारली. बाबांना असल्या गोष्टींची सवय नव्हती. ते छत्री शोधू लागले.

टॅक्सीत बाबांच्या शेजारी बसून नूपुरने शेऱ्याखाली एकच ओळ लिहिली: 'हा शेरा वाचून यमदूतांनी कपाळाला हात लावला आणि ते फाइल घेऊन परत गेले.' लिहून झाल्यावर तिला इतकं हसू आलं, की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं.

सहाला सात मिनिटं कमी असताना दोघं परळच्या त्या हॉलवर पोचले. काउंटरवरच्या, उल्कावीरसारखी झगमगीत केप पांघरलेल्या मुलीने पानं उलटी केली. "मॅडम, हे दोन्ही बाजूंना लिहिलंय. रिजेक्ट होणार."

नूपुर पांढरीफटक पडली. बाबा पुढे झाले.

"कथा एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला नोटीस आहे. नोटीस म्हणजे कथा नव्हे. नियमात नोटिशीला मनाई असेल, तर तसं लेखी द्या."

मुलीने वर पाहिलं. दोऱ्याचा चष्मा, काखोटीला छत्री, कॉलरला टाचणी आणि हातात सिनेमातल्या कारकुनासारखीच फाइल. ती किंचाळलीच. "ओ माय गॉड! कारकून! पुलावाला कारकून! सर, काय भारी गेटअप केलाय तुम्ही!"

दोन मिनिटांत बाबांभोवती फोटोसाठी रांग लागली. वेश करून आलेले सतरा उल्कावीर हॉलमध्ये केप सावरत उभे होते, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघेना! पोरं ओरडत होती, "सर, एकदा म्हणा ना, पंचनाम्यावर सही?" बाबांना काही कळत नव्हतं, पण आयुष्यात पहिल्यांदा लोक सहीसाठी त्यांच्याकडे हसत हसत येत होते. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि कथेची पोच मिळेपर्यंत काउंटर सोडला नाही.

रविवारी सकाळी बिल्डिंगभर एकच बोंब उठली. नळ कोरडे! कोणाच्याच घरी पाणी भरलेलं नव्हतं. सगळ्यांनी पान वाचलं होतं, नोटीस कोणीच वाचली नव्हती. तेवीस बिऱ्हाडं रिकाम्या बादल्या घेऊन टिपणिसांच्या दारात उभी राहिली.

"रीतसर नोटीस दिली होती," बाबा दारात शांतपणे म्हणाले.

गर्दीतून गुणाजी पुढे आले. त्यांनी रिकामी बादली खाली ठेवली.

"ता ऱ्हवांदे. अण्णा जगलो मां?"

"जगला," बाबा म्हणाले.

"मगे पाणी उद्या इला तरी चलात."