मुकादमचाचांचं लाइव्ह

मासळी बाजारात सुरमई उलटसुलट करून "हिचं रिझोल्यूशन काय बरं नाय" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे राजिवड्याचे मुकादमचाचा. मासळीवालीला वाटलं, काहीतरी अरबी शिवी दिली. तिनं सुरमई टोपलीत परत टाकली आणि चाचांना पुढं व्हायला सांगितलं.

कॉम्प्युटरच्या शब्दांचं हे व्यसन त्यांना माझ्याच सायबर कॅफेत लागलं, म्हणजे पाप माझंच. मुलगा इरफान कुवेतला. दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा त्याला वेबकॅमवर बघायला यायचे. चित्र अडकलं की मला धारेवर धरायचे आणि झालंय काय ते विचारायचे. आजाराचं नाव कळलं की निम्मा आजार बरा होतो, असं त्यांचं ठाम मत. मी नावं सांगत गेलो आणि चाचा ती गावभर वाटत सुटले. चाचीचा चहा उशिरा आला की लेटन्सी. राजापूरच्या मेव्हण्यानं डझन म्हणून पाठवलेले हापूस दहाच निघाले, तर त्याला फोन करून पॅकेट लॉसबद्दल झापलं. मेव्हणा बिचारा पोस्टात चौकशी करून आला.

मग शबनमचं लग्न ठरलं. इरफानची एकुलती बहीण, आणि मालकानं त्याला सुट्टी नाकारलेली. चाचा माझ्याकडे आले ते बसलेच नाहीत. म्हणाले, "भावानं बहिणीचा निकाह बघितलाच पायजे. तू काय ते लाइव्ह कर." या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. मी कॉम्प्युटर, मोडेम, कॅमेरा रिक्षात घालून त्यांच्या घरी गेलो. इंटरनेट फोनच्या लायनीवर चालणार, म्हणून चाचांनी आदल्या दिवशी नातेवाइकांना घरोघर जाऊन बजावलं, की उद्या फोन कराल तर जेवण मिळणार नाही.

तिथं माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. हलणारी किंवा बारीक नक्षीची गोष्ट बिटरेट, म्हणजे लायनीतली जागा, जास्त खाते; स्थिर आणि साधी असली की चित्र स्वच्छ जातं. झालं! चाचांनी आधी पंखा बंद केला. मग चौकड्यांचे शर्टवाले मागच्या रांगेत पाठवले. नवऱ्या मुलाच्या सेहऱ्याच्या माळा डुलत होत्या, त्या रबरबँडनं एकत्र बांधल्या. काझीसाहेबांना हात न हलवता दुआ मागता येईल का, हेही विचारून झालं. काझीसाहेबांनी नुसतं बघितलं.

खोटं कशाला सांगू, तो निकाह मी विसरणार नाही. घामानं निथळणारी पन्नास माणसं फोटोत बसल्यासारखी ढिम्म. एकाच्या नाकावर माशी बसली, तर चाचांनी नजरेनंच त्याला दाबला. मला हसू आवरेना. पण "कबूल है" कुवेतला पोचलं. इरफाननं टाइप केलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं, की दिसलं, सगळं दिसलं. एवढी माणसं एकदम हलली की ओटीवरची सतरंजी सरकली.

मंडळी बिर्याणीकडे पळाली. मी वायरी गुंडाळणार, तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. "अब्बा, आता तुम्ही बसा समोर. तुमाला बघायचंय."

चाचा माझ्याकडे बघायला लागले. आजवर दर शुक्रवारी ते कॅमेऱ्यापुढं नुसती वळवळ करायचे, वायर ओढायचे, पडद्यावर टिचक्या मारायचे. इरफानला बापाचा चेहरा कधी धड दिसलाच नसणार. हे माझ्या तरी डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यांनी टोपी नीट केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि बसले. थोड्या वेळानं डोळ्यांतून धार लागली, ती दाढीत उतरली. मी रुमाल पुढं केला.

"नको," ओठ न हलवता चाचा म्हणाले. "पुसायला गेलो तर चित्र फुटेल. बघू दे त्याला."

पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत पलीकडे इरफान दिसत होता. तोही गुडघ्यांवर हात ठेवून, जराही न हलता बसला होता.