हावरीचा एक्स-रे

कारकुनाच्या मेहुण्याची बदली झाली आणि जाताना तो आपली दोन बदकं पंधरा दिवसांपुरती बहिणीकडे ठेवून गेला. त्या पंधरा दिवसांचे चार महिने झाले. घर दुसऱ्या मजल्यावर, अंगणाचा पत्ता नाही, त्यामुळे बदकांचा मुक्काम हॉलमध्येच. (मेहुण्याला खरमरीत पत्र लिहायचं कारकुनाच्या मनात बरेचदा आलं. पण न जाणो, तो खरंच येऊन घेऊन गेला तर?)

कारकून पाणीपुरवठा खात्यातला. पहिल्याच आठवड्यात त्याने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं लिहून आणलं. कडक फरशीवर चालून बदकांच्या तळव्यांना फोड येतात, म्हणून हॉलभर मऊ चटया आल्या. डोकं बुडेल इतकं पाणी नसलं तर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात, म्हणून कपडे भिजवायचा टब बदकांना गेला. ओला पेंढा बुरसला की त्यांच्या फुप्फुसांवर जातं, म्हणून रोज सकाळी पेंढा बदलणं सुरू झालं.

"लग्नाला अठरा वर्षं झाली," बायको म्हणाली, "स्वतःच्या अंथरुणावरची चादर बदलताना मी तुम्हाला एकदाही पाहिलं नाही."

शेवटची सूचना मात्र अडचणीची होती. बदक चकाकणारं काहीही गिळतं. खिळा, स्क्रू, टाचणी जमिनीवर दिसता कामा नये. आणि बायको शिवणकाम करायची, तेही त्याच हॉलमध्ये.

"मग मशीन कुठे नेऊ? टबात?"

शेवटी तह झाला. टाचण्या मोजून चाळीस ठेवायच्या, काम संपलं की पुन्हा मोजायच्या, आणि कारकुनाने काठीला लोहचुंबक बांधून सगळा हॉल झाडायचा.

शनिवारी सकाळभर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं काम चाललं होतं. दुपारी टाचण्या भरल्या एकोणचाळीस.

"परत मोज."

"तीनदा मोजल्या."

लोहचुंबकाला एक गंजकी क्लिप मिळाली, बाकी काही नाही. तेवढ्यात कारकुनाचं लक्ष कोपऱ्यात गेलं. दोन बदकांतली थोरली, जिला घरात हावरी म्हणत, दाण्यांकडे पाठ करून बसली होती. हावरी खात नाही म्हणजे टाचणी तिच्याच पोटात.

बायकोने मशीनवर झाकण टाकलं. "मी दार लावून आत बसायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. त्याने हावरीला टोपलीत घातलं आणि बस पकडली. वाटभर त्याचा हात तिच्या छातीवर होता. एवढ्याशा जिवाचं काळीज किती जोरात उडतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "सकाळी काय खाल्लं हिने?"

"वाटाणे."

"किती?"

"मागितले तेवढे."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्याला जड एप्रन घालून हावरीला धरायला उभं केलं आणि एक्स-रे काढला. पडद्यावर टाचणी लख्ख दिसली. कारकुनाने डोळे मिटले.

"डोळे उघडा," बाई म्हणाल्या. "पोट साफ आहे. टाचणी हिच्या आत नाही, तुमच्या बाहीत आहे."

गिऱ्हाइकाची अंगलट हुबेहूब कारकुनासारखी. म्हणून बायकोने सकाळी कोट त्याच्याच अंगावर चढवून बाही आखूड केली होती, आणि टाचणी कोटातून थेट शर्टात गेली होती. हावरीला झालं होतं ते वाटाण्यांचं अजीर्ण.

त्याने तिथूनच घरी फोन केला.

"सापडली. माझ्या बाहीत होती. हावरी ठणठणीत आहे."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. "घाबरली असेल हो बिचारी."

"मीही घाबरलो होतो. अजून छातीत धडधडतंय."

"मग आता गेलाच आहात," बायको म्हणाली, "तर त्याच बाईंना दाखवून या."