नऊ अक्षरांनी हार

"ह्या खेपेला दादा चीत!" धाकट्यांनी दात घासता घासताच जाहीर केलं आणि आरशावर फेसाचे चार ठिपके उडाले. बायकोने ते मुकाट पुसले. गेली एकेचाळीस वर्षं दर सोमवारी ती ही घोषणा ऐकत होती आणि दर शनिवारी नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघत होती.

धाकटे म्हणजे दोन भावांतले धाकटे. वय अडुसष्ट, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरले आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं, तेच पुढे थोरल्यांनी चालवलं. लहानपणी दोघांना दुकानात गप्प बसवलं जाई, आणि समोर भिंतीवर तो नजर तपासायचा तक्ता. वर एक ढब्बू इंग्रजी अक्षर, खाली मुंग्यांएवढी. बघून बघून करणार काय? पोरं त्या अक्षरांचे शब्द जुळवायला लागली. पुढे भाऊ दोन गावांना गेले आणि खेळ पोस्टकार्डावर गेला.

नियम सोपे. तीन अक्षरं ठरायची. ती तिन्ही ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द दोघांनी शोधायचा, त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत लिहायचा आणि सोमवारी कार्ड टाकायचं. कार्डं वाटेत एकमेकांना ओलांडून जात, त्यामुळे कुणाला कुणाचं दिसत नसे. ज्याचा शब्द लांब तो जिंकला, आणि पुढची अक्षरं त्याने फोनवर द्यायची. थोरल्यांचं अक्षर कुणालाच लागत नसे, म्हणून ते सांगत आणि वहिनी लिहून घेत. एकदा त्यांनी लिहवलं होतं, 'हँडकर्चीफ. बारा अक्षरं. अर्थ: धाकट्याच्या खिशात असतो, पण नाकाशी त्याची ओळख नाही.' धाकटे ते कार्ड घेऊन आठवडाभर हसत होते.

पण पुढे पुढे धाकटे अर्थ वाचेनासे झाले. ते निवृत्त झाले होते वजनमापं खात्यातून, निरीक्षक म्हणून. कुठला दुकानदार काटा मारतो हे त्यांना लांबून कळायचं, आणि मोजण्याची सवय बोटांत मुरलेली. कार्ड आलं की अक्षरं मोजायची, हरलो म्हणायचं आणि कार्ड डब्यात टाकायचं. गेल्या दोन वर्षांत तर ते एकदाही जिंकले नव्हते. पहिल्या काही हारींनंतरच लाज सोडून ते वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना शरण गेले. बाई जाडजूड शब्दकोश उघडून शब्द काढून देत, वर अर्थही सांगत. तरी हार ती हारच! एकदा बाईंनी दादाचं कार्ड उलटसुलट करून विचारलं होतं, तुमचे भाऊ बरे आहेत ना? धाकटे म्हणाले, बरे? अहो, सतरा अक्षरी बरे आहेत!

ह्या खेपेला एस, बी, डी अशी अक्षरं होती आणि बाईंनी 'इन्डिस्पेन्सेबल' काढून दिला होता. तेरा अक्षरं. अर्थ: ज्याच्यावाचून चालत नाही असा. शनिवारी दादाचं कार्ड आलं. 'ॲब्सेंटमाइंडेडनेस.' धाकट्यांनी दोनदा मोजली. सोळा!

मग मात्र त्यांचा संशय बळावला. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला दर आठवड्याला असले शब्द सुचतात? दादा नक्की कुणाची तरी मदत घेतो. आपणही घेतो, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नाही. फोनवर तो हल्ली येतच नव्हता. वहिनी सांगायच्या, झोपलेत, अंघोळीला गेलेत. एका माणसाने किती अंघोळी कराव्यात, हा प्रश्न काही धाकट्यांना पडला नाही. दोन वर्षांत तिकडे जाणंही झालं नव्हतं. आधी गुडघा दुखत होता, नंतर गुडघ्याचं निमित्त होतं. आता मात्र पुरावा म्हणून त्यांनी कार्डांचा अख्खा डबा पिशवीत घातला, आणि न कळवता, रंगेहाथ पकडायला म्हणून पहाटेच्या गाडीत बसले.

पुढच्या दाराने गेलं तर चोर सावध होणार. म्हणून दुपारी ते मागच्या अंगणातून शिरले. वाकून, दबकत. दोरीवर वाळत घातलेली ओली चादर त्यांना दिसली नाही, ती थेट डोक्यावर आली. सोडवायला गेले तर दोरीच तुटली, आणि निरीक्षकसाहेब बादलीत एक पाय घालून, चादर पांघरून मागच्या दारात उभे राहिले.

दार थोरल्यांनीच उघडलं. त्यांनी चादरीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "या, बसा. चष्मा पहिलाच का?"

धाकट्यांना आनंदाने भरून आलं. दादा अजून तसाच होता! तेही लगेच नाटकात शिरले. आवाज बदलून म्हणाले, फार लांबून आलोय, तुमचं नाव ऐकलंय. थोरल्यांनी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. दुकान बंद होऊन काळ लोटला होता, पण खुर्ची आणि तक्ता तिथेच होते. त्यांनी काचा बदलायची ती जड चौकट धाकट्यांच्या नाकावर चढवली आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. ती ओळ धाकट्यांना आठव्या वर्षापासून पाठ. त्यांनी मुद्दाम सगळी चुकीची वाचली. थोरले न चिडता काचा बदलत राहिले, घाई करू नका म्हणाले, आता स्पष्ट दिसतं की मघाशी, असं विचारत राहिले. धाकटे हसू दाबून दाबून इतके हलायला लागले की चौकट नाकावरून घसरली.

"पुरे रे दादा. लबाडी पकडलीय मी तुझी."

थोरल्यांनी हसून कागद पुढे ओढला. "नाव सांगता? लिहून ठेवावं लागतं."

"मी धाकटा."

"अरे वा," थोरले म्हणाले. "मलाही एक धाकटा आहे. फार हुशार. मोठमोठे शब्द पाठवतो मला."

धाकट्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे त्यांना समजेना. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. काखेत शब्दकोश, पानांत खूण म्हणून बोट.

"भावजी, ती चादर धुतलेली होती," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

विसरायला लागून दोन वर्षं झाली, त्यांनी सांगितलं. सुरुवातीला थोरल्यांना स्वतःचं स्वतःला कळत होतं. तेव्हाच त्यांनी वचन घेतलं होतं, की धाकट्याला सांगू नकोस, तो खेळायचा थांबेल. तेव्हापासून शब्द वहिनी शोधत होत्या. म्हणजे दोन वर्षं भावाभावांचा सामना चाललाच नव्हता. कधी न भेटलेल्या दोन बायका एकमेकींशी लढत होत्या, आणि ग्रंथपाल बाई सपाटून हरल्या होत्या! धाकट्यांनी बाईंचं कबूल केलं तेव्हा वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

"पण मला कळवायचं तरी, वहिनी."

"सांगायचं नाही असं वचन होतं. म्हणून लिहीत होते. दर आठवड्याला लिहिलं, भावजी."

धाकट्यांनी डबा उघडला. 'कॉन्व्हर्सेशनलिस्ट. सतरा अक्षरं. अर्थ: जो बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आता चहा गरमच संपतो.' 'अनरेकग्नायझेबल. चौदा. अर्थ: आरशातला माणूस. हे रोज सकाळी त्याला, कोण हवंय, असं विचारतात.' 'अनअकम्पनीड. तेरा. अर्थ: घरात दोघं असूनही.' आणि परवाचं, सोळा अक्षरांचं: 'चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणं. आधी हसू येतं. मग येत नाही.' प्रत्येक शब्दावर धाकट्यांच्या पेन्सिलीने मोजल्याच्या बारीक खुणा होत्या. खालच्या ओळींवर एकही नव्हती. त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की नाकावरची चौकट काढायचंही सुचेना. थोरल्यांनीच ती हलक्या हाताने उतरवली आणि काचा पुसल्या, कारण त्या ओल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी दारातच अक्षरं दिली. सी, ओ, एम.

सोमवारी धाकटे वाचनालयात गेलेच नाहीत. स्वतःच बसून त्यांनी कार्ड लिहिलं: 'कम. चार अक्षरं. अर्थ: आम्ही दोघं येतोय, महिनाभर तरी. दादाला विचारू नका, तो हो म्हणेल.' चार अक्षरांचा शब्द पाठवताना पोस्टाच्या पेटीपुढे त्यांचा हात जरा अडखळला, पण टाकलं.

शनिवारी वहिनींचं कार्ड आलं. तेही सोमवारीच टाकलेलं, म्हणजे धाकट्यांचं न वाचता लिहिलेलं. धाकट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आधी खालची ओळ वाचली: 'मागची खोली झाडून ठेवली आहे. चादर तीच, पुन्हा धुतलेली.' मग वरचा शब्द पाहिला. 'अकॉमोडेशन.'

त्यांनी बायकोला बॅग काढायला सांगितलं. आणि ती आत गेल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, बोटांवर अक्षरं मोजली. तेरा. पुन्हा हरले होते, तेही नऊ अक्षरांनी.