दोन खुर्च्यांची सावली

झाड चांगलं की वाईट, हे आगाशेकाका त्याच्याखाली बसून ठरवतात. भर दुपारी दोन घडीच्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर निळी उशी, काखेत मारायच्या आणि झाडाखाली शेजारी-शेजारी मांडायच्या. दोन्ही सावलीत मावल्या तर झाड पास. एकच मावली तर "हे ब्रह्मचाऱ्याचं झाड" असा शेरा मारून काका पुढे निघतात.

लखनौत इंदिरा नगरातल्या आमच्या कॉलनीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. मी रेल्वेत इंजिनियर. काका वनस्पतिशास्त्रज्ञ, मूळचे वाईचे, संशोधन संस्थेतून रिटायर झालेले. आमच्याकडे चहाला आले तरी आधी कुंडीत बोट खुपसून माती बघतात आणि मग माझ्या बायकोकडे असं बघतात की ती निमूट पाणी आणायला उठते.

होळीनंतर पार्कच्या मोकळ्या कोपऱ्यात काय लावायचं, यावरून वाद पेटला. सेक्रेटरी मिश्राजींना पाम हवे होते. "रिसॉर्ट वाला लुक आएगा," हे त्यांचं म्हणणं. काकांना हवा होता ओक, ज्याला पहाडात बांज म्हणतात.

काकांनी अख्ख्या कमिटीला दुपारी गेटजवळच्या जुन्या पामखाली नेलं आणि खुर्च्या मांडल्या. मिश्राजी निळ्या उशीच्या खुर्चीकडे वळले, तर काकांनी त्यांना हाताला धरून दुसरीवर बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले. पामच्या बुंध्याची चिंचोळी सावली मिश्राजींच्या जेमतेम एका खांद्यावर पडली.

काकांनी विचारलं, "कंधा तो ठंडा है न, मिश्राजी? अब बाकी शरीर का क्या करें?"

कमिटी हसली आणि मिश्राजी चिडले. शेवटी तोड निघाली. काकांनी स्वखर्चाने ओक लावावा; दिवाळीपर्यंत जगला तर कोपरा त्याचा, नाहीतर तिथे पाम.

काका बसने पहाडात गेले आणि वीतभर रोप मांडीवर घेऊन परतले. मे महिन्यात लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, सुटली, तसं त्यांनी रोपाभोवती ओलं गोणपाट बांधलं, वर छत्री उभी केली. ज्या झाडाने सावली द्यायची, त्यालाच छत्री धरून हा माणूस खुर्चीत घामाघूम बसलेला. कॉलनीने पोटभर हसून घेतलं. त्यात मीही होतोच.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, थंड हवेचं झाड हे. इथे कसं टिकणार?"

"मला सांगताय? जन्मभर मीच लोकांना हे सांगत आलो," काका म्हणाले.

बोलता बोलता मी निळ्या उशीच्या खुर्चीवर टेकायला गेलो. "तिथे नको," ते हळूच म्हणाले. मग सांगू लागले. लग्नानंतरची पहिली बदली पहाडात. क्वार्टरसमोर ओक होता आणि संध्याकाळचा चहा त्याच्याखाली, या दोन खुर्च्यांवर. लखनौला आल्यावर काकूंनी एवढंच मागितलं, दारात एक ओक लावा. काका दर वेळी तापमान आणि माती समजावून सांगत राहिले. गेल्या वर्षी काकू गेल्या.

"शास्त्र माझं बरोबरच होतं हो," ते म्हणाले, "पण तिला कुठे शास्त्र हवं होतं?"

मला फार वाईट वाटलं. घरी जाताना मिश्राजी भेटले, त्यांना मी सगळं सांगून टाकलं.

पावसाळ्यात रोपाने दोन पानं काढली आणि नवरात्रापर्यंत तीही वाळली. दिवाळीच्या आधी मिश्राजी माळ्यासोबत पामचं रोप घेऊन कोपऱ्यात हजर झाले. काकांनी नखाने खोड खरवडून बघितलं. आत हिरवं काहीच नव्हतं.

"आप जीत गए," काका म्हणाले.

मिश्राजींनी एकदा निळ्या उशीकडे बघितलं. पामकडे बोट दाखवून माळ्याला म्हणाले, "इसे उधर दीवार के पास लगा दो." मग काकांना विचारलं, "अगला पौधा कब ला रहे हैं, सर?"

"थंडी सरली की," काका मराठीतच म्हणाले. मिश्राजींनी मान डोलावली.

काकांनी वाळकं रोप उपटलं, खड्डा मातीने नीट भरला आणि दोन्ही खुर्च्या मिटल्या. एक माझ्याकडे द्या म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि निळ्या उशीची काखेत घेऊन घराकडे चालू लागले.