कोणी मागणार नाही असा कॉम्प्युटर

अपिसाईने आयुष्यात एकदाच फार विचार करून एक वस्तू विकत घेतली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. एरवी तो विचार न करता वस्तू घ्यायचा, आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत त्या जायच्याही.

म्हणजे चोर वगैरे नव्हते. सिंगातोका शहराच्या पलीकडे, समुद्राच्या काठाला लागून असलेल्या त्यांच्या गावात कुणाला काही हवं असलं की तो दारात येऊन बसायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "केरेकेरे." तेवढा शब्द उच्चारला की पुढे ज्या वस्तूचं नाव येईल ती द्यायची. नाही म्हणायची रीत नाही. अपिसाईची छत्री अशीच गेली, हातगाडी गेली, रेडिओ गेला. रविवारी तो चर्चमध्ये बसला की पुढच्या बाकांवर त्याचेच शर्ट त्याच्याकडे पाठ करून बसलेले असायचे.

खरं तर ही रीत दोन्हीकडून चालते. आज तू माग, उद्या मी मागतो. पण अपिसाईची जीभ मागायला उचलतच नसे. जन्म खोबऱ्याच्या गोदामात कारकुनी करण्यात गेला, तिथेही त्याने कधी कुणाकडे पेन मागितलं नाही. (त्याचं पेन मात्र वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या खिशात असायचं.)

आता कॉम्प्युटरचं कसं झालं ते सांगते. त्याची एकुलती मुलगी लोसालिनी ब्रिस्बेनला वृद्धाश्रमात नोकरी करायची. तिला मुलगा झाला. अपिसाईचा पहिलाच नातू! त्याच्याकडे बटणांचा फोन, त्यात आवाज यायचा, चेहरा यायचा नाही. पाळकबाईंनी आपल्या फोनवर बाळ दाखवलं, पण अपिसाईचे डोळे अधू आणि पडदा विड्याच्या पानाएवढा. त्याने गहिवरून बराच वेळ आशीर्वाद दिले. नंतर कळलं की तो लोसालिनीचा कोपर होता.

"बाबा," लोसालिनी म्हणाली, "असं नको. तुम्ही घरात एक कॉम्प्युटरच घ्या. साधासाच घ्या, फार भारी नको. आम्ही बाळाचं नाव अजून ठेवलं नाहीये. तुम्हाला समोर बसवून, तुम्हाला विचारून मगच ठेवणार."

अपिसाईच्या छातीत काहीतरी लकाकलं. त्यांच्याकडे ज्याचं नाव बाळाला मिळतं, त्याचं ते बाळ निम्मं होतं. नातवाचं नाव अपिसाई ठेवावं, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. (बायकोला अर्थातच माहीत होती.)

तो बसने सिंगातोकाला गेला. दुकानदार मुनेश्वर मोठा भला माणूस.

"काका, रोजच्या घरगुती वापराला ना? मग हा लॅपटॉप घ्या. कॅमेरा आत, आवाज आत, सगळं एकातच. आणि हलका किती बघा. कुठेही उचलून न्या."

अपिसाई दचकला. "आणि दुसऱ्या कुणी उचलून नेला तर?"

"गावात चोर फार आहेत का?"

"छे छे, चोर एकही नाही. मेव्हणे आहेत."

मुनेश्वर ओशाळवाणं हसला. अपिसाईने लॅपटॉपवरून हात फिरवला. चकचकीत, रुपेरी, नुसता बघितला तरी मागावासा वाटेल असा.

"हा दिसायला फार चांगला आहे हो," तो खिन्न होऊन म्हणाला. "जरा कमी चांगला नाही का?"

"म्हणजे वाईट दिसणारा हवाय?"

"हो. वाईट दिसणारा, जड, आणि चालणारा."

मुनेश्वरने मागच्या खोलीतून एक जुना कॉम्प्युटर ओढत आणला. कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला. भलामोठा डबा, दातांवर किटण चढावं तसा पिवळा पडलेला. वेगळा पडदा, वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस, तारेला लोंबणारा कॅमेरा.

"चालतो," मुनेश्वर म्हणाला, "पण काका, माझं ऐका. किमतीत फारसा फरक नाही. ह्याचे सगळे तुकडे सुटे. एक नसला की बाकीचे मुके होतात."

पण गोदामातल्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हलकं पोतं हिंडतं, जड पोतं जागेवर राहतं. अपिसाईने त्या डब्यावर हात ठेवला आणि डबा जराही हलला नाही. त्याला तो एकदम आवडला.

गावात कॉम्प्युटर उतरला त्याच दिवशी इसिकेली बघायला आला. इसिकेली म्हणजे अपिसाईच्या आत्याचा मुलगा. आते-मामेभाऊ म्हणजे तिथे मेव्हणेच, आणि त्यांनी एकमेकांची टवाळी केली नाही तर गावाला वाटतं की ह्यांचं भांडण झालंय. इसिकेलीने कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली.

"मेव्हण्या, हे काय आणलंस? कोंबड्यांचं खुराडं?"

"कॉम्प्युटर आहे."

"कुणाच्या मयताच्या आहेरात मिळाला?"

अपिसाईचा चेहरा फुलला. "जुनाटच आहे रे. अगदी टाकाऊ."

"फुकट दिला तरी कोण नेईल हा!"

इतक्या गोड शब्दांत आजवर कुणी त्याच्या खरेदीची तारीफ केली नव्हती. बायको मेरेवाई आतून म्हणाली, "लोसाचे बाबा, तो शिव्या देतोय आणि तुम्ही हसताय काय?"

दोन दिवसांनी इसिकेली पुन्हा आला. आला, बसला, वाऱ्याबद्दल बोलला, माशांबद्दल बोलला. मग त्याची नजर पडद्यावर स्थिरावली.

"खुराडं राहू दे तुझ्याकडे. पण शनिवारी रग्बीचा सामना आहे आणि माझ्या टीव्हीत सगळे खेळाडू हिरवे दिसतात. केरेकेरे, तेवढी काच दे."

काच गेली. मेरेवाईने कपाळाला हात लावला.

"दिलीत?"

"फक्त काच. बाकी सगळं आहे की."

आणि खरंच बाकी सगळं होतं, म्हणूनच तर पंचाईत झाली. पाळकसाहेब आले आणि म्हणाले, "अपिसाई, पडदा नाही म्हणजे हा कीबोर्ड नुसताच पडलाय. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली आहेत. कालच्या सूचनेत मी सर्वांना प्रार्थनेऐवजी भलतीकडेच बोलावलं. केरेकेरे." कीबोर्ड गेला. मग शाळेच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. "कीबोर्डच नाही तर माऊस आणि कॅमेरा काय करणार बिचारे?" अपिसाईलाही ते पटलं. त्याने दोन्ही तारा नीट गुंडाळून, वर एक पपई ठेवून दिल्या.

राहिला डबा. जड, पिवळा, कुणी मागणार नाही असा. मेरेवाईने त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

इकडे रविवार जवळ येत चालला. रविवारी चर्च सुटल्यावर लोसालिनी बाळाला घेऊन समोर बसणार होती. अपिसाई रोज सकाळी ठरवायचा, आज जायचं आणि इसिकेलीकडे पडदा मागायचा. वाटेत तो शब्द घोळवत जायचा. माडांना म्हणून दाखवायचा. माडांसमोर त्याचं केरेकेरे अगदी झकास यायचं. मग इसिकेलीच्या दारात पोचला की इसिकेली म्हणायचा, "ये मेव्हण्या, मासे खा." नारळाच्या दुधातले मासे, उकडलेला कसावा. अपिसाई खायचा, वाऱ्याबद्दल बोलायचा, आणि समोर आपल्याच पडद्यावर धावणाऱ्या रग्बीवाल्यांकडे बघत बसायचा.

"काही काम होतं का?"

"नाही रे, सहजच आलो होतो."

रोज तो पोटभर जेवून आणि रिकाम्या हाताने घरी यायचा. मेरेवाई त्याचे हात बघायची आणि डब्यावर आणखी एक कपडा ठेवायची.

रविवार उजाडला. चर्च सुटलं. अपिसाईने स्वच्छ शर्ट घातला (घरात एकच उरला होता) आणि इस्त्रीच्या कपड्यांखालच्या डब्यासमोर जाऊन बसला. तेवढ्यात दारात इसिकेली उभा राहिला.

"मेव्हण्या, केरेकेरे. ते खुराडं दे."

अपिसाईचे डोळे भरून आले. पण रीत ती रीत. दोघांनी मिळून डबा उचलला आणि धापा टाकत इसिकेलीच्या घरी नेला. तिथे टेबलावर झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड अंथरलेलं, त्यावर पडदा मांडलेला, कीबोर्ड मांडलेला, माऊस आणि कॅमेरासुद्धा. खाली चटयांवर सगळं गाव बसलेलं. पाळकसाहेब होते. शाळेच्या बाई तारा जोडत होत्या.

"हे सगळं..." अपिसाईने एकेका वस्तूवर बोट ठेवलं.

"सगळ्यांकडून मागून आणलं," इसिकेली म्हणाला. "लोसा आज दिसणार हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तू मागणार नाहीस हेही ठाऊक आहे. मग कुणीतरी मागायला नको का?"

अपिसाईने मान खाली घातली. ज्याच्यापासून कॉम्प्युटर वाचवायला तो इतका शहाणपणा लढवत होता, त्यानेच दारोदार फिरून तो गोळा केला होता.

पडदा उजळला. लोसालिनी दिसली. तिच्या मांडीवर बाळ होतं, काळंभोर जावळ, गाल फुगलेले, भांडण झाल्यासारखं तोंड केलेलं. ह्या वेळी अपिसाईला ते बाळच दिसलं, कोपर नाही. बायकांनी डोळ्यांना पदर... पदर कुठले, बाह्या लावल्या. मेरेवाई हुंदके देत हसत होती.

"बाबा, दिसतोय का?"

"दिसतोय गं. अगदी सगळा दिसतोय."

"मग आता नाव सांगा. तुम्ही म्हणाल ते."

सगळ्यांच्या माना अपिसाईकडे वळल्या. अपिसाईच्या ओठांवर ते नाव आलं. चार अक्षरं, एवढंच तर बोलायचं होतं. पण अख्ख्या गावासमोर आपलंच नाव मागायचं? माणसाने स्वतःच्या तोंडाने? त्याने मेरेवाईकडे पाहिलं. ती डोळ्यांनी ढकलत होती, बोला, बोला.

"तुम्हाला..." अपिसाई म्हणाला, "तुम्हाला आवडेल ते ठेवा."

"नाही बाबा, तुमच्या मनातलं सांगा ना."

"माझ्या मनात काही विशेष नाही गं."

कुणीतरी खोकलं. इसिकेलीने वाट पाहिली, मेव्हण्याकडे एकवार रोखून पाहिलं, मेव्हणा तारेच्या गाठीकडे बघत होता. तेव्हा इसिकेली कॅमेऱ्यासमोर सरकला आणि छाती पुढे काढून म्हणाला,

"लोसा, केरेकेरे. माझं नाव दे."

सगळं घर हसलं. लोसालिनी गोंधळली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा अजून गाठीकडेच बघत होते. मागे तिचा नवरा उभा होता, चांगल्या घरचा, रीत जाणणारा मुलगा. त्याने दोन्ही हात पोकळ करून हळू टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या म्हणजे मागणं मान्य. तिकडून टाळ्या आल्या तशा इकडे चटयांवरूनही वाजल्या, आणि सवयीने अपिसाईनेही वाजवल्या.

परतीच्या वाटेवर मेरेवाई पुढे आणि तो मागे.

"लोसाचे बाबा, तोंडात काय माऊस कोंबला होता?"

"मागायचं कसं गं?"

"तोंड उघडून."

संध्याकाळी इसिकेली दारात येऊन बसला. पहिल्यांदाच त्याने टवाळी केली नाही.

"मेव्हण्या, मी मस्करी केली होती रे. मला वाटलं तू उसळशील. म्हणशील, तोंड बघ तुझं, नातू माझा, नाव माझं. मग मी माघार घेणार होतो, सगळे हसले असते. तू टाळ्या काय वाजवल्यास!"

अपिसाई इसिकेलीच्या शेजारी जाऊन बसला. मग त्याने घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द माणसासमोर उच्चारला.

"केरेकेरे," तो म्हणाला. "माझा कॉम्प्युटर दे."

"एवढंच?" इसिकेली उठलाच. "अरे, इतके दिवस रोज येऊन मासे खाऊन जायचास. मला वाटलं, तुला मासेच आवडतात."

त्याने एकेक तुकडा स्वतः आणून अपिसाईच्या घरात मांडला. इतकं सोपं होतं ते. बाळाच्या नावाबद्दल मात्र दोघांनीही विषय काढला नाही, कारण काच परत देता येते, कीबोर्ड परत देता येतो, पण टाळ्या परत घेता येत नाहीत.

पुढच्या रविवारी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या पडद्यासमोर अपिसाई नातवाशी बोलायला बसला. मेरेवाई शेजारी होती. चटईवर इसिकेली होता, तार सुटली तर धरायला म्हणून.

"बघ इसिकेली, आजोबा!" लोसालिनी बाळाला म्हणाली.

"बघतोय, बघतोय," चटईवरून उत्तर आलं.

बाळाने जांभई दिली, भुवया आवळल्या, आणि आपला इवलासा हात पंजा उघडून थेट अपिसाईकडे पुढे केला.

"माझ्यावर गेलाय!" इसिकेली आनंदाने ओरडला. "मेव्हण्या, दे काहीतरी. पोरगं मागतंय."

अपिसाईने सवयीप्रमाणे घरात चौफेर नजर फिरवली. छत्री गेली होती, हातगाडी गेली होती, शर्ट गेले होते. द्यायचं राहून गेलं होतं ते एकच, त्याचं नाव. आणि तेवढं मात्र कुणीच मागत नव्हतं.