म्हातारा खरा पडला की खोटा?

"म्हातारा पडला!" एडगार्दो मोबाइलवर मित्राला ओरडला. "पण मोंचो, तू जागचा हलू नकोस. खरा पडला की खोटा, ते वेला झाल्यावरच कळेल."

बिटकॉइनला तो लाडानं म्हातारा म्हणायचा. भाव ठरल्या रेषेखाली घसरला की सगळं गाव विकायला धावे. पण ती घसरण खरी की नुसती हूल, हे दिवसअखेर भावाची मेणबत्ती, म्हणजे वेला, रेषेच्या खाली मिटते की वर, त्यावरून ठरतं. हे ओळखणारे आपण एकटेच, असा एडगार्दोचा ताठा. त्याच ताठ्यात त्यानं सासऱ्यांचे, डॉन तोरिबियोंचे, होडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसेही त्यांना पटवून बिटकॉइनमध्ये घातले होते.

परसात मक्याचं पीठ मळणाऱ्या सासूबाईंच्या, निन्या लिचांच्या, कानावर मात्र दोनच गोष्टी पडल्या: म्हातारा पडला आणि वेला. त्यांचा म्हातारा सकाळीच समुद्रावर गेला होता आणि गावात वेला म्हणजे मयताजवळचं जागरण. निन्या लिचांनी असा हंबरडा फोडला की शेजारणी धावत आल्या. बघता बघता अंगणात खुर्च्या लागल्या, कॉफीचं पातेलं चढलं, केळीच्या पानात मक्याच्या पिठाचे तामाल बांधले जाऊ लागले.

"आई, अहो, म्हातारा म्हणजे..."

"मेल्यावर तरी त्यांना बाबा म्हण रे!"

एडगार्दो पुढं बोलणार, तोच भाव आणखी घसरला. इंजिनही गेलं आणि अब्रूही! सगळी विद्या विसरून त्यानं चोरून 'विका'वर बोट टेकवलं, इतक्यात सासूबाईंनी मोबाइल हिसकावला.

"सासरा गेला आणि तू मोबाइल खेळतोस? वेला होईपर्यंत मिळायचा नाही!" मोबाइल त्यांच्या एप्रनच्या खिशात गेला आणि एडगार्दोच्या हाती कॉफीचा डाव आला.

सूर्य बुडताना डॉन तोरिबियो मासळी खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. "कोण गेलं गं?"

"तुम्ही," शेजारीण छातीवर क्रूस काढत म्हणाली.

"मग दिवसभर मी रडले कुणासाठी?" निन्या लिचा कडाडल्या आणि पुन्हा रडू लागल्या, या वेळी आनंदानं. म्हातारबुवांनी खुर्ची ओढली, तामाल सोडला आणि सगळ्यांना जेवून जायचा आग्रह केला.

तेवढ्यात मोंचो धापा टाकत आला. "वेला रेषेच्या वर मिटली! घसरण खोटी होती! आम्ही सगळे घाबरून विकून बसलो. तू?"

"मी?" एडगार्दोनं कॉफीचा डाव खाली ठेवला. "मी... नाही विकलं."

"शाब्बास!" सासऱ्यांनी त्याच्या पाठीत थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले. "माझं इंजिन राखलंस रे पोरा! असा छातीचा जावई अख्ख्या किनाऱ्यावर नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एडगार्दोची छाती फुगत गेली.

निन्या लिचांनी खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर अजून प्रश्न होता: 'नक्की विकायचं?' त्यांनी तो वाचला, जावयाकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडं. हळूच 'नको' दाबलं.

"आहेच माझा जावई तसा!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग मोबाइल त्याच्या हातात ठेवत पुटपुटल्या, "छाती जरा बेतानं फुगव. शर्टाची तुटलेली बटणं मलाच लावावी लागतात."