बसा, कापतो

प्रिय ईरा आणि निहार,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझ्या फ्रिजवर ते अॅल्युमिनियमचं गोल भांडं कसलं? तुमचा बाबा मागून म्हणाला, "आई, ते भंगार अजून टाकलं नाहीस?" ते भंगार नाही. तो ओव्हन आहे. तो कोणाचा, हे मी आता लिहिलं नाही तर पुढच्या साफसफाईत तो खरंच भंगारात जाईल. मराठी वाचताना अडलात तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही कळू दे.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आपल्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारात प्रल्हादराव राहत. बेल वाजली की ते हातात लांब पात्याची सुरी घेऊन दार उघडत आणि म्हणत, "बसा, कापतो." समोरच्याला मराठी येत नसेल तर, "बैठो जी, अब्बीच काटतुं." एक नवा कुरियरवाला पार्सल पायरीवर टाकून पळत सुटला, तो थेट खालच्या फाटकापर्यंत. प्रल्हादराव गॅलरीतून सुरी हलवून त्याला परत बोलावत होते, त्यामुळे तो आणखीच जोरात पळाला.

कापायची असत ती बिस्किटं. त्यांची सगळी नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्यात झाली. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि मग त्यांनी हे कुठूनसं शिकून घेतलं. लोणी आणि पिठीसाखर फेसायची, मैदा, वेलची, पिस्त्याचे तुकडे घालायचे, गोळ्याची लांब गुंडाळी वळून ती बटरपेपरात बांधून फ्रीझरमध्ये ठेवायची. गुंडाळी गोल राहावी म्हणून ते ती नकाशांच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालत. फ्रीझरमध्ये बर्फाला जागा नसे. पाहुणा आला की नळी बाहेर निघे आणि माणसं मोजून चकत्या पडत.

"वहिनी, प्रत्येक चकतीनंतर गुंडाळी थोडी फिरवायची," ते मला शिकवत. "नाहीतर एक बाजू बसते." जाडी पट्टीने तपासत. चकती तिरकी गेली तर ती कच्चीच स्वतः खाऊन टाकत, शिक्षा म्हणून. शिक्षेचं प्रमाण पिस्त्याच्या गुंडाळीला जरा जास्त असे.

मग तो गोल ओव्हन. तो तापायलाच इतका वेळ घेई की पाहुणा आपलं काम सांगून, हवापाणी बोलून, शेवटी स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगू लागे. बिस्किटं आधी भाजून डब्यात भरून ठेवा, असं मी एकदा सुचवलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. डब्यातलं बिस्किट म्हणजे कालचा पेपर, म्हणाले. गॅसवाला नरसिंह सिलिंडर दारात टेकवून निवांत बसे आणि आपल्या सासऱ्याची गाऱ्हाणी सांगे, तोवर खालचे लोक गॅसची वाट बघत. सोसायटीचे सेक्रेटरी रेड्डीगारू मात्र कामाचे गृहस्थ. ते नोटीस दाराखालून सरकवून चवड्यांवर परत फिरत. तरी प्रल्हादराव दार उघडतच. "कायकू भाग रैं जी? ओव्हन गरम हो रा."

प्रल्हादरावांचा मुलगा शिरीष शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहतो, कंप्युटरच्या कंपनीत आहे. दर रविवारी येई. गुणी मुलगा, पण गाडीची किल्ली त्याच्या हातातून सुटत नसे. बिस्किटं होईपर्यंत बसावं लागे, म्हणून घड्याळ बघत बसे. शेवटी कंटाळून त्याने वडिलांना काचेच्या दाराचा झटपट ओव्हन आणून दिला. प्रल्हादरावांनी त्यात बटाटे भरले. आत हवा खेळती राहते म्हणे.

पुढच्या रविवारी मी लोणचं द्यायला गेले होते. शिरीषने बटाटे बाहेर काढले, ओव्हन पुसला आणि गुंडाळी न फिरवता भराभरा चकत्या कापल्या. माझा चहा संपायच्या आत बिस्किटं तयार. दोन त्याने उभ्यानेच खाल्ली, उरलेली बायकोसाठी डब्यात भरली, वडिलांना वाकून नमस्कार केला आणि गेला.

प्रल्हादराव सुरी पुसत उभे होते. मी म्हटलं, छान झाली हो, आणि किती लवकर. ते खिडकीतून खाली बघत होते. शिरीषची गाडी मागे वळत होती.

"वहिनी, त्याला बिस्किट लवकर पाहिजे," ते म्हणाले. "मला ते उशिरा पाहिजे."

मग माझ्याकडे वळून, "बसा, तुमच्यासाठी कापतो," आणि जुन्या ओव्हनचं बटण दाबलं. मी बसले.

दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. पण पुढच्या रविवारी शिरीषला जिन्यात गाठलं आणि वडिलांचं वाक्य जसंच्या तसं त्याला सांगितलं. ऐकता ऐकता त्याने किल्ली खिशात घातली. त्या संध्याकाळी नवा ओव्हन त्याच्या गाडीत गेला, आत पुन्हा भरलेल्या चार बटाट्यांसकट. "सुनेला हवा होता," प्रल्हादराव मला म्हणाले, अगदी गंभीर तोंड करून. त्यानंतर दर रविवारी समोरून बापलेकांचा क्रिकेटवरून वाद ऐकू येई. वेलचीचा वास येई, जाई, आणि वाद चालूच असे.

मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. शिरीष त्यांना कुकटपल्लीला घेऊन गेला. निघायच्या दिवशी माझी बेल वाजली. प्रल्हादराव दारात, हातात सुरी नाही, दोन्ही हातांनी हा ओव्हन पोटाशी धरलेला. मी म्हटलं, अहो, घेऊन जा, तिकडे लागेल.

"नको वहिनी. तिथे शिरीष रोज संध्याकाळी घरी येतो. मला आता ह्याचं काय काम?" ओव्हन माझ्या हातात देत ते म्हणाले, "तुमच्याकडे राहू दे. तुमची माणसं लांबून येतात."

डिसेंबरात तुम्ही येणार आहात. बाबा म्हणतो, हैदराबादला दोनच दिवस. असू देत.

फ्रीझरमध्ये पिस्त्याची एक गुंडाळी आहे, पुठ्ठ्याच्या नळीत. तुम्ही आल्याशिवाय कापणार नाही. ओव्हन काल लावून पाहिला. चालतो. तापायला अजून तेवढाच वेळ घेतो.

तुमची आजी